दाराच्या आतला पत्रा

नवरा गेला त्या हिवाळ्यापासून मला घरात एका जागी बसवत नसे. पेठ वडगावला शाळेत शिकवून एसटीने घरी आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी पार्किंगमध्ये जायची, गाडीवरचं कापड उचलून बघायची, परत टाकायची. वर जाऊन चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळायच्या आत पुन्हा खाली. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती वरून ओरडायच्या, "अगं, बस की जरा! पायाला भिंगरी लागलीया व्हय?"

त्यांचंही काही वेगळं नव्हतं. निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडायच्या. दोघींपैकी कुणीच त्याचं नाव काढत नव्हतं. गाडीबद्दल मात्र बोलता यायचं.

गाडी त्याची. जुनी, गोल पाठीची, चार दारांची. मोठ्या पुरात आमची गल्ली बुडाली तेव्हा ती छतापर्यंत पाण्यात होती. आम्ही त्या वेळी कबनूरला, आत्तींच्या बहिणीकडे होतो. परत आलो तर गाडीच्या सीटवर गाळाचा थर आणि स्टिअरिंगला कुणाच्या तरी अंगणातली वेल अडकलेली. सगळे म्हणाले, भंगारात घाला. तो फाउंड्रीत सुपरवायझर होता. दिवसभर लोखंडात राहून रविवारी पुन्हा लोखंडातच हात घालायचा. इंजिन उतरवलं, सीट नव्याने शिवून घेतल्या, उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडून बाहेरचा पिस्ता रंग मारून आणला. त्यात वर्षं गेली. लोक थांबून बघायचे, फोटो काढायचे. त्याला वाटलं असतं तर गाडी तिथेच पूर्ण झाली होती.

पण तो दारांपाशी अडला. गाडीचं दार दिसायला एक असलं तरी ते दोन पत्र्यांचं असतं. आतल्या पत्र्यावर रेक्झिनचं अस्तर असतं आणि मधल्या पोकळीत काच खाली उतरते. पावसाचं पाणी काचेवरून त्याच पोकळीत जातं आणि तळाच्या बारक्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं पुराच्या गाळाने बुजली होती. आतला पत्रा तपकिरी झाला होता, बोट लावलं की पापुद्रे निघायचे. तो म्हणायचा, "गाडी भायेरनं सडत न्हाय, आतनं सडती. ह्यावर अस्तर बसवलं की झाकून जाईल, पण थांबणार न्हाय." म्हणून त्याने चारही दारांची अस्तरं काढून ठेवली आणि स्वतःच्या बाजूच्या दारापासून काम सुरू केलं. गाळ खरवडला, गंज घासला, प्रायमर लावला, त्यावर पिस्ता रंग. वरचा अर्धा भाग झाला. आणि एका सकाळी फाउंड्रीत भट्टीजवळ तो खाली बसला तो उठलाच नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मिस्त्रीकडे गेले. तो म्हणाला, "वैनी, अस्तरं आना, एका दुपारात बसवून देतो. आत कोन बघतंय?"

मी म्हटलं, "आधी आतलं काम करायचंय."

"तुमी?"

"मीच."

त्याने डोकं खाजवलं. मग गंजावर लावायचं औषध कसं लावायचं ते एकदा दाखवलं. शेवटी सगळ्यावर मेणाचं पातळ औषध द्यायचं, ते सांध्यासांध्यांत शिरतं, तेही सांगितलं. "पन रंग वाळल्याबिगर मेन देऊ नका. घाई करू नका."

घाई न करणं, नेमकं तेच मला जमत नव्हतं. तारेचा ब्रश फिरवताना बरं वाटायचं, कारण त्यात जोर लागतो, आवाज होतो. रंग लावून थांबायची वेळ आली की जीव वर-खाली. दर थोड्या वेळाने बोट लावून बघायची, आणि बोटाचा ठसा उमटायचा, मग पुन्हा घासा, पुन्हा लावा. आषाढ लागला तसा रंग वाळेचना. मी टेबलफॅन खाली आणला, केस वाळवायचं मशीन दारात धरून उभी राहिले. शेजारच्या काकू जिन्यातून बघून मुकाट्याने वर गेल्या. मागची दोन आणि आत्तींच्या बाजूचं, अशी तीन दारं कशीबशी झाली. भोकं मी दाभणाने मोकळी केली.

राहिलं त्याचं दार.

मी पॉलिश पेपर घेऊन त्याने रंगवलेल्या भागापासून सुरुवात करायला गेले. वरपासून खालपर्यंत सगळं एकसारखं घासायचं आणि एकदम रंगवायचं, असं माझ्या मनात. आत्ती खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या एकदम उठल्या.

"त्येला हात लावू नगंस."

"आत्ती, रंग सलग पाहिजे. जोड राहिला की तिथून गंज धरतो."

"धरंल तवा धरंल. त्येच्या हातचं हाय त्ये."

"मग अर्धं तसंच ठेवू? अस्तराखाली कुणाला दिसणार आहे ते?"

"मला ठावं हाय न्हवं, आत काय हाय त्ये!"

मी म्हणाले, "तुमच्या एकटीचाच होता का तो?" आवाज पार्किंगभर घुमला. आत्तींनी माझ्याकडे बघितलं, खुर्ची उचलली आणि एक एक पायरी धरत वर गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघी वेगवेगळ्या जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेची रिक्षा भोंगा लावून गल्लीतून फिरली. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते, पंचगंगा वाढत होती, सखल भागातल्यांनी घरं सोडावीत. शाळेला सुट्टी जाहीर झाली. लोक गाद्या, फ्रिज, शेळ्या हलवू लागले. मी खिडकीतून बघितलं तर गल्लीच्या टोकाला पाणी चकाकत होतं. मी पुस्तकं वरच्या माळ्यावर टाकली, कागदपत्रं पिशवीत भरली, सिलिंडर बंद केला, परत जाऊन बंद आहे का बघितलं, आणि खाली धावले.

आत्ती माझ्या आधीच गाडीपाशी होत्या. त्यांच्या एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात रंगाचे डबे. "बघत काय हुबी राहिलीस? दार उघड."

मी गाडी चालवायला त्याच्याकडून शिकले होते, पण ती रिकाम्या मैदानात, तो शेजारी बसलेला असताना. आता दारांना अस्तरं नव्हती, काच वर धरायला लाकडाचे तुकडे ठोकलेले, आणि माझ्या बाजूचं दार तर नीट बंदच होत नव्हतं. आत्तींनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, दाराच्या आतल्या सळईतून ओवली आणि माझ्या सीटला गच्च बांधली. इंजिन दोनदा घुरघुरून बंद पडलं. तिसऱ्यांदा धरलं. त्याने सांगितल्याप्रमाणे मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढलाच नाही.

वळणावर पाणी होतं. किती खोल ते कळेना. मधोमध आल्यावर गाडी आचके द्यायला लागली आणि थांबली. उघड्या पत्र्यांच्या फटींतून पाऊस आत येत होता, माझी साडी भिजून पायाला चिकटली होती. मागून कुणीतरी गाडीवर थाप मारली.

"पावणं, दुसरा गियर टाका, क्लच दाबून धरा! ढकलतो!"

चार-पाच जण होते. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एकजण ओरडला, "आरं, बाई हाय! मावशी, आता क्लच सोडा, एकदम!" मी सोडला. गाडीने एक उडी मारली आणि इंजिन सुरू झालं. मी मागे वळून हातही दाखवला नाही. थांबले तर परत बंद पडेल या भीतीने चढ चढून गेले ती उद्यमनगरपर्यंत.

मिस्त्री शेडमधून बाहेर आला, गाडी ओळखली आणि काही न विचारता आपल्या दोन गाड्या बाजूला घेतल्या. शेडमध्ये गाडी उभी केल्यावर माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आत्ती खाली उतरल्या होत्या. त्या आपल्या बाजूच्या दाराखाली उकिडव्या बसल्या, तळहात पुढे धरला.

"हिकडं ये."

दाराच्या खालच्या भोकांतून पाणी टपटप गळत होतं. वाटभर आत शिरलेलं सगळं पाणी.

"भायेर येतंय की गं सगळं!" त्या म्हणाल्या. आदल्या संध्याकाळपासून रागावलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. मीही त्यांच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी ते पाणी थांबेपर्यंत बघत राहिलो.

पूर होता तोवर आम्ही राजारामपुरीत माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीकडे राहिलो. मोबाईलवर पाण्याच्या पातळीचे मेसेज येत, मी ते वाचून लगेच पुन्हा उघडी. पुण्याकडचा रस्ता बंद झाला, दूध कमी पडलं. मैत्रीण फार चांगली, पण तिच्या घरात मला काय काम असणार? म्हणून रोज सकाळी आत्तींना घेऊन मी शेडमध्ये जायची. मिस्त्री आमच्यासाठी एक दिवा ओढून द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

त्याच्या दाराचा खालचा भाग मी घासला. त्याने केलेल्या भागाला पेपर लावला नाही. जोडापाशी आले तेव्हा हात थांबला. आत्ती म्हणाल्या, "जोडावर घे जरासं. तेवढं चालतंय." मी त्याच्या रंगाच्या कडेवर बोटभर प्रायमर ओढला. माझा पिस्ता त्याच्यापेक्षा थोडा गडद आला. दोन डबे वेगळे असतील किंवा हवेचा परिणाम असेल. ओळ दिसतच राहिली.

रंग खरोखर वाळल्यावर मेण दिलं. काकवीसारखं तांबूस, दाट होत जाणारं. पोकळीच्या कोपऱ्यात माझा हात शिरेना. आत्तींचा बारीक, तो कोपरापर्यंत गेला. त्या आत चाचपत, ब्रश फिरवत होत्या, तोंड माझ्याकडे नव्हतं.

"त्यो गेला त्या दिशी त्येचा जेवनाचा डबा परत आलता," त्या म्हणाल्या.

डबा आला होता हेच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी दवाखान्यात होते.

"भाकरी तशीच हुती. भाजीबी. खाल्लंच न्हवतं त्यानं काय. समदी रडत हुती, आन मी सैपाकघरात जाऊन ती भाकरी खाल्ली. टाकू कशी? समदी खाल्ली बघ. कुनाला सांगितलं न्हाय."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मिस्त्रीने हातोडा खाली ठेवलेला मला दिसला. त्यालाही ऐकू गेलं असावं. मी आत्तींचा मेणाने माखलेला हात बाहेर काढला आणि आपल्या पदराला पुसला. पदर अजून तसाच तेलकट आहे. मग मी रडले, आणि त्या मला म्हणाल्या, "रड, रड. पन त्यो मेनाचा डबा लवंडू नगंस."

पाणी आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत येऊन मागे गेलं. पार्किंगमध्ये कंबरेएवढं होतं, ते भिंतीवरच्या रेषेवरून कळलं. घर पुसून झाल्यावर आम्ही शेडमध्ये परत गेलो. मिस्त्रीने दारांवर आधी प्लास्टिक चिकटवलं, मग अस्तरं क्लिपांवर दाबून बसवली. टक टक आवाज होत चारही दारं बंद झाली. नवऱ्याचं दार शेवटी ठेवलं होतं, ते झाकण्याआधी त्याने मला विचारलं, "बघायचंय एकदा?" मी आत्तींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नको.

पहिल्या उन्हात मेण जरासं पातळ झालं आणि गाडी उभी असेल तिथे रस्त्यावर तांबूस थेंब पडू लागले. मिस्त्री म्हणाला, जादाचं निघून जाईल, काळजी करू नका. मी तरी रोज खाली वाकून बघत होते.

गल्लीतल्या एका शिक्षकांची गाडी त्या पुरात बुडाली होती. भंगारवाला आला तेव्हा मी आमची गाडी घेऊन शाळेला निघाले होते. मी गाडी थांबवली, उतरले आणि म्हटलं, "सर, विकायच्या आधी दारांची अस्तरं तेवढी काढून बघूया का? आत गाळ असेल." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. आत्ती पुढच्या सीटवर बसल्या होत्या, त्यांना पेठ वडगावच्या बाजारात जायचं होतं. त्यांनी काच खाली केली आणि ओरडल्या, "काढा की वो! तारंचा ब्रश आमी देतो."