ओव्हनमधलं पातं

सुबोधदादा सिंगापूरला रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये शिकारीचे सुरे घडवायचा. स्वतः अंडंही खात नसे. परदेशातले शिकारी त्याच्याकडून इंटरनेटवर सुरे मागवायचे. कडक केलेलं पातं ओव्हनमध्ये दोन वेळा तापवावं लागतं, नाहीतर ते ठिसूळ राहतं, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

२००६ मधल्या एका रविवारी तो म्हणाला, "अश्लेषा, तुझं इंग्रजी साहित्य झालंय ना? एक ई-मेल लिहून दे."

कॅनडाच्या एका गिऱ्हाइकाचं पातं त्यानं एकदाच तापवलं होतं. अनघावहिनींना केकसाठी ओव्हन हवा होता. सुरा त्यानं तसाच पाठवला. आता त्या माणसानं आभार मानून कळवलं होतं, की शनिवारी तो सुरा घेऊन जंगलात निघतोय.

मी विचारलं, "तुटेल?"

"कदाचित नाही. म्हणून तर दोन महिने गप्प बसलो."

मी लिहिलं, किरकोळ दोष असू शकतो. त्यानं 'किरकोळ' खोडलं. मग स्वतःच लिहिलं, 'चूक माझी आहे, सुरा वापरू नका,' आणि पाठवून दिलं.

"केकचं लिहिलंस का रे त्यात?" वहिनींनी विचारलं.

"नाही. ओव्हन मीच बंद केला होता."