खाकरण्याची जागा

मी चौथी नापास माणूस. तरी हे स्वतःच्या हातानं लिहितो, कोणाकडून लिहून घेत नाही. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं.

आमचं घर पिंजाऱ्याचं. गाव चांदूर बाजारच्या अलीकडं. अब्बा दिवसभर कापूस पिंजत आणि पहाटेच्या, फजरच्या नमाजनंतर मशिदीत गावच्या लेकरांना कुराण पढायला शिकवत. त्यांना कोणी शिकवलं ते विचारू नका, जसं कानावर पडलं तसं त्यांनी दिलं. आयुष्यभराच्या कापसानं त्यांची छाती भरलेली. कुराणातली एक मोठी आयत, म्हणजे वचन, आहे, प्रवासाला निघताना माणूस म्हणतो ती. तिच्या मध्यावर अब्बांचा दम तुटे, ते थांबत, खाकरत, मग पुढं जात. गाव त्यांच्याकडूनच शिकलेलं. म्हणून अख्खं गाव तिथं थांबे आणि खाकरे. चुलीपाशी बसलेल्या बाया सुद्धा हलकेच खाकरून पुढं जात. मलाही वाटे, वरूनच तसं उतरलं असेल.

साठ सालाच्या मागंपुढं मी अकोल्याला जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लागलो. तिथल्या मशिदीत एक कारीसाहेब होते, म्हणजे नियमानं पढणारे आणि पढवणारे. मी त्यांना ती आयत ऐकवली, मोठ्या ऐटीत. ते म्हणाले, "मियाँ, खाँसी किसने सिखाई?"

मी तीन दिवस तिकडं फिरकलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, माफी मागितली नाही, पण त्यांच्यापुढं शिकायला बसलो.

त्यानंतरचं वर्ष मला झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. पहाटेचं धुकं कुठं संपतं आणि जिनिंगमधून उडालेला तंतू कुठं सुरू होतो, ते कळत नसे. कारीसाहेब माझ्या ओठांपुढं कापसाचा पेळू धरत. काही हर्फ, म्हणजे अक्षरं, म्हटले की पेळू हलला पाहिजे, काही म्हटले की जागचा हलता कामा नये. आम्ही वऱ्हाडातली माणसं, 'आमी' 'तुमी' म्हणणारी. आमच्या तोंडात 'ह'च टिकत नाही, आणि अरबीत दोन-दोन 'ह', एक गळ्याच्या तळातून, एक गळ्याच्या मध्यातून. "रुई मत उडाओ, पिंजारी," ते हसून म्हणत. मशीन चालू असताना मी पुटपुटत राही. त्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे, फक्त हर्फ गळ्यात, टाळूवर, दाताशी आपापल्या खोलीत जाऊन बसताना जाणवत. पांढरं सगळं तरंगत असायचं. त्यात मीही.

मग गावाहून निरोप आला. अब्बा थकले, लेकरांना आता तू पढव. जुम्म्याला, शुक्रवारी, सगळ्यांसमोर पढून दाखव.

गावी गेलो. अब्बा दारातच म्हणाले, "मी शिकवलं तसंच शिकव. लोकाइले सवय हाय."

कारीसाहेबांना मी कबूल केलं होतं की चुकीचं कोणाला देणार नाही. आणि बरोबर पढलो तर माझ्या बापानं तीस वर्षं गावाला खोकला शिकवला, हे सगळ्यांना कळणार. दोन्हीपैकी एक मोडणारच होतं.

जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे अंगणात बसले. अब्बा पहिल्या रांगेत. मी आयत सुरू केली. ती जागा जवळ आली तसं मला सगळं संथ दिसू लागलं, निंबाचा पाला, टोप्या, अब्बांचे गुडघ्यावरचे हात. माझा दम भरलेला होता. मी थांबलो नाही.

समोरचे सगळे सवयीनं खाकरले. माझा आवाज तोवर पुढं गेला होता.

आयत संपली तेव्हा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "काहून रे, मधात थांबला नाही तू? तुह्या बापानं असं शिकवलं काय तुले?"

सगळ्यांनी अब्बांकडं पाहिलं. मी शहरात शिकून बिघडलो एवढं जरी ते म्हणाले असते, तरी गावानं मान डोलावली असती.

अब्बा म्हणाले, "थो माहा खोकला व्हता. आयत पोरानं म्हटली तशी हाय."

"म्हंजे आमी इतके वर्सं तुहा खोकला पढून राहिलो?" म्हातारा म्हणाला, आणि अंगणात असं हसू उसळलं की कबुतरं उडाली. अब्बा हसले नाहीत. उठले, पुढं येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले, जशी लेकरं त्यांच्यासमोर बसत.

"चाल, माहं ऐक."

त्यांनी सुरू केलं. त्याच जागी दम तुटला. या वेळी दुसरं कोणी खाकरलं नाही. दम तुटला तर एक-दोन शब्द मागं जाऊन पुन्हा धरायचं, असा पढण्याचा कायदा आहे. तो मी त्यांना अजून सांगितला नव्हता. अब्बांनी श्वास घेतला, दोन शब्द मागं गेले आणि तिथून आयत उचलली.

मी डोळे मिटून ऐकत राहिलो. एकदाही टोकलं नाही.