रजनीला दौंडला कोणी उतरवलं?

वाचनालयातलं पुस्तक न्यायचं तर नोंद करावी लागते. किस्से मात्र बिननोंदीचे घरी येतात, आणि ते परत करायची तारीखही नसते. माझ्याकडे असे वीस-पंचवीस वर्षांपासून पडून आहेत. परवा भाची फोनवर काहीतरी टाइप करत बसली होती. विचारलं तर म्हणाली, एका मालिकेतल्या नायिकेची पुढची गोष्ट लिहितेय, याला फॅन फिक्शन म्हणतात, मावशी, तुझ्या वेळी नव्हतं हे. मग मी तिला फोन खाली ठेवायला लावला आणि नाना पेठेतल्या सवड वाचनालयाचे किस्से ऐकवले. तेच आता तुम्हाला सांगते.

दोन हजार साल उजाडायच्या आसपासचा काळ. पुण्यात जो भेटेल तो कॉम्प्युटरचा क्लास लावत होता. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. शनिवारी तोच उद्योग फुकट करायला मी वाचनालयात जायचे. खाली सायकलच्या सुट्या भागांचं दुकान, वर आम्ही. वाचनालय चालवायच्या जुबेदा इनामदार. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळ्या पेठेच्या 'बाई'.

आणि आमची सगळ्यांची लाडकी होती रजनी सबनीस. ही 'उदयन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या अकरा रहस्यकथांची नायिका. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडता जोडता कानावर पडलेल्या अर्ध्या वाक्यावरून खुनी शोधायची. अकराव्या पुस्तकात एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, आणि शेवटच्या पानावर उदयनने रजनीचं एका इंजिनिअरशी लग्न लावून तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नाही.

*

तुपेअण्णा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे आडते. वाचायचे फक्त रजनी. अकरावं पुस्तक त्यांनी परत केलं तेव्हा शेवटचं पान गायब. बाईंनी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि पान कुठे आहे ते विचारलं.

"फाडलं," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरास नको."

दुसरं कोणी असतं तर सभासदत्व रद्द झालं असतं. पण बाईंमधली शिक्षिका जागी झाली. पान तुम्ही फाडलंत, आता पान तुम्हीच लिहून आणा, म्हणाल्या. अण्णा पुढच्या शनिवारी पान घेऊन हजर. एवढंच होतं त्यावर : 'गाडी दौंडला थांबली. रजनी एकटीच उतरली. गाडी गेली.' पान भरावं म्हणून अक्षर बोराएवढं काढलं होतं.

बाईंनी लाल पेन उघडून ते दोनदा वाचलं आणि पेन बंद केलं. मग चाळीस पानी वही आणून त्यात ते पान चिकटवलं आणि वही सुतळीने पुस्तकाला बांधून टाकली. महिनाभरात त्या वहीत आणखी सहा जणांनी आपापले शेवट लिहिले. आम्ही तिला जोडवही म्हणू लागलो. वर्षभरात अकराही पुस्तकांना जोडवह्या झाल्या, काहींना तर दोन-दोन.

*

शेवट निरनिराळे, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. रजनीने नागपूरला जायचं नाही. अण्णांनी दौंडला उतरवली, एका निवृत्त पोस्टमास्तरांनी कोपरगावला, मी मनमाडला. आपण काय करतोय हे प्रशांत येईपर्यंत आमच्या लक्षातच आलं नाही.

प्रशांत मूळचा अकोल्याचा, माझ्याच कंपनीत प्रोग्रॅमर. मीच त्याला वाचनालयात आणला होता. त्याने उभ्या उभ्या सगळी जोडवही वाचली आणि भर वाचनालयात विचारलं, "काहून? आमच्या नागपुरात खून होत नाहीत का?"

त्याने रजनीला थेट नागपूरला पोचवलं, वाटेत अकोल्याला चहा पाजला आणि एका कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसवलं. पहिल्याच आठवड्यात खून. वर त्याने ती गोष्ट ऑफिसच्या मेलवरून जगभर पाठवली. बाईंना मेल म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे आता हे परत घेता येणार नाही?"

*

वाचनालयात बाईंच्या हस्ताक्षरात एक पाटी होती. जोडवहीत निळ्या शाईनेच लिहावे. लेखकाने मारलेली माणसे जिवंत करू नयेत, केल्यास कारण द्यावे. आपल्या शेजाऱ्यांना खुनी करू नये.

तिसरा नियम नंतर आला. आमच्या एका सभासदाचं त्याच्या सोसायटीच्या चेअरमनशी पाण्यावरून वाजलं होतं. त्याने चेअरमनला नावासकट गोष्टीत घातलं, त्याच्याकडून वॉचमनचा खून करवला आणि रजनीकरवी सहाव्या पानावर पकडवलं. चेअरमनही आमचेच सभासद निघाले. त्यांनी वही वाचली आणि तणतणत बाईंकडे आले. बाई माफी मागायला उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "खुनाचं काही नाही हो. पण मी सहा पानांत सापडेन? मी काय इतका बावळट आहे?"

बाईंनी तो मजकूर बारा पानांचा करून घेतला. चेअरमनचं समाधान झालं.

*

याला विरोध करणारेही होते, आणि त्यांचे पुढारी दातार. दातारांची स्वखर्चाने काढलेली एक ऐतिहासिक कादंबरी होती, त्यामुळे वाचनालयात लेखकांची बाजू मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. पात्र हे लेखकाचं अपत्य असतं, दुसऱ्याच्या मुलीला परस्पर गाडीतून उतरवणारे तुम्ही कोण, असं ते दर शनिवारी विचारायचे. अण्णांनी एकदाच उत्तर दिलं : "पोरगी आठ-आठ दिस आमच्या घरी ऱ्हायला यायची. आमची बी कुणीतरी लागतीच की."

दातार म्हणाले, माझ्या कादंबरीला जोडवही लावाल तर कोर्टात जाईन. बाईंनी शांतपणे त्याच दिवशी लावली. ती दोन वर्षं कोरी राहिली. दातार यायचे, इकडेतिकडे बघायचे, कपाटातून आपली कादंबरी काढायचे, वही उघडायचे आणि परत ठेवायचे. आम्ही सगळे त्या वेळी मन लावून दुसरीकडे बघत असू. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एका शनिवारी वहीत चार पानं लिहिलेली होती. कादंबरीत मागे राहिलेल्या सरदाराच्या घोड्याचं पुढे काय झालं, ते. दातारांनी उभ्यानेच वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या प्रकाराला माझा सक्त विरोध आहे. इथे जवळपास झेरॉक्स कुठे मिळेल?"

*

हसायला सोपं होतं, पण दातारांचं बोलणं बाईंच्या मनात घर करून बसलं होतं. त्यांनी उदयनची परवानगी घेतलेली नव्हती. घ्यायची कुणाकडून? बुधवार पेठेत प्रकाशकाच्या दुकानात जाऊन आल्या, तर तिथे आता कीबोर्ड आणि माउस विकत होते. उदयनचं खरं नाव कुणाला माहीत नाही, फोटो कुठे छापलेला नाही. "त्यांनी एकदा हरकत घेतली की मी सगळ्या वह्या बंद करणार," त्या आम्हाला बजावायच्या. "कुणाचं मन दुखवून मला वाचनालय चालवायचं नाही." आणि त्या खरंच बंद करतील हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की सगळेच दचकायचे.

एका दुपारी काळी बॅग घेतलेले एक कोटवाले गृहस्थ आले आणि रजनी सबनीसच्या वह्या इथेच ठेवता ना, म्हणाले. बाईंना वाटलं, उदयनचे वकीलच आले. त्यांनी गृहस्थांना बसवलं, पाणी दिलं आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी मागच्या जिन्याने चौदा जोडवह्या खाली सायकलच्या दुकानात नेऊन ठेवल्या. वर आले तर बाई अजून त्या गृहस्थांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या.

शेवटी तेच म्हणाले, मी कोथरूडहून आलोय, ऑफिसात मेलवर कॉल सेंटरची गोष्ट वाचली, त्यात रजनी फार रडते, मला दुसरी लिहायचीय. बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरच्या चिठ्ठ्या उडाल्या.

मी वह्या आणायला खाली धावले. दुकानदाराने मान वर न करता हात दाखवला. "थांबा ताई, दहा पानं राहिलीत."

*

आता शेवटचा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले पोतनीस नावाचे एक सभासद नव्याने आले होते. कमी बोलणारे, छत्री नेहमी बरोबर. पहिल्या पुस्तकापासून क्रमाने रजनी नेली, प्रत्येक वेळी जोडवहीसकट. आठव्या दिवशी बरोब्बर परत. वहीत स्वतः काही लिहिलं नाही, कशावर मत दिलं नाही. असा सभासद म्हणजे वाचनालयाला आशीर्वादच, असं बाई म्हणायच्या.

अकरावं पुस्तक त्यांनी परत केलं तो शनिवार होता. आम्ही सगळे होतो, दातारसुद्धा. बाईंनी सवयीने पानं चाळली आणि एका पानावर थांबल्या. छापलेल्या पुस्तकात खाडाखोड! वही कितीही रंगवा, पण पुस्तकाला पेन लावायचं नाही हा बाईंचा सगळ्यात कडक नियम. त्यांनी पोतनीसांना टेबलासमोर उभं केलं, शाळेतल्यासारखं. पान आम्हाला दिसत होतं. अण्णांनी फाडलेल्या पानाच्या आधीचं. रजनी एक्स्चेंजमधला हेडफोन खुंटीला अडकवते, तिथलं. 'रजनीने हसत सगळ्यांचा निरोप घेतला' या ओळीतला एकच शब्द खोडला होता. 'हसत'.

"एवढं वय झालं तुमचं," बाई म्हणाल्या, "लेखकाने काय लिहायचं ते लेखकाला कळतं."

"नाही कळलं त्याला," पोतनीस म्हणाले. "ती हसत गेली नव्हती. मी उगाच लिहिलं तसं."

बाई सावकाश उठून उभ्या राहिल्या. मला आठवलं, की मी रजनीला मनमाडच्या फलाटावर तिच्या नवऱ्याला काय काय बोलायला लावलं होतं, आणि हे सगळं या माणसाने घरी नेऊन वाचलंय. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

परवानगी न घेता हे केलं ही माझी चूक, बाई म्हणाल्या. यात कुणाचा दोष नाही, आपली हरकत असेल तर मी आत्ता, आपल्यासमोर सगळ्या वह्या बांधून आपल्या ताब्यात देते. दातारांनी तोंड उघडलं, पण त्यांचा सक्त विरोध काही बाहेर पडला नाही. ते म्हणाले, "साहेब, एवढी चौदा वह्यांची... नाही, म्हणजे, विचार करा."

पोतनीसांनी जोडवही उघडली आणि पहिलंच पान पुढे केलं, बोराएवढ्या अक्षरांचं.

"हे कुणी लिहिलं?"

अण्णांनी वर्गातल्यासारखा हात वर केला.

"दौंडला उतरवलंत तिला," पोतनीस म्हणाले. "पुढे काहीच लिहिलं नाहीत."

"येकच पान फाडलं होतं," अण्णा म्हणाले. "येकच भरून दिलं."

आम्हाला वाटलं, आता पोतनीस बोलतील ते शेवटचंच.

"मी तिला घाईघाईने गाडीत बसवून दिलं," ते म्हणाले. "त्यानंतर कधी चौकशी केली नाही. इतकी वर्षं मनाला लागून राहिलंय. तुमच्यातल्या बाकीच्यांनी तिला नोकऱ्या दिल्या, खून दिले. पण ही दौंडला एकटी उतरली. ओळखीचं कुणी नाही, हातात बॅग. स्टेशनवर तिला घ्यायला कोण आलं होतं?"

अण्णांनी एक क्षणही विचार केला नाही.

"मी व्हतो की."

पोतनीसांनी अण्णांकडे नीट बघितलं, पायातल्या वहाणांपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत. मग त्यांनी वही मिटली, सुतळी पहिल्यासारखी बांधली आणि ती बाईंच्या हातात दिली.

"मग माझी काही हरकत नाही," ते म्हणाले.