चटणीच्या हंगामाआधी वास गेला तेव्हा

बाटली नाकाशी धरून शालनकाकू ठामपणे म्हणाल्या, "लवंग."

बाटलीत लवंग नव्हती. वास काढून टाकलेलं खोबरेल होतं. आम्ही त्याला कॅरिअर ऑइल म्हणतो. तीव्र सुगंधी तेलं त्यात पातळ करायची असतात. त्याला स्वतःला कसलाही वास नसतो.

"अजून एकदा बघा काकू."

"बघितलं की. लवंग हाय. चांगली झणझणीत."

मी बाटली बंद केली. आता यांना सांगायचं कसं, हे मला सुचेना.

मी अरोमाथेरपिस्ट आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. नवीन माणूस हमखास "अत्तराचं दुकान हेच काय?" असं विचारत जिना चढतो. मी अत्तर विकत नाही. फुलं, पानं, साली, बिया यांतून काढलेली तेलं, म्हणजे इसेन्शियल ऑइल्स, वापरून लोकांची झोप, ताण, अंगदुखी जरा हलकी करते. जराच. थेंबभर तेलानं मोठमोठे आजार पळवणारे आमच्या लाइनमध्ये पुष्कळ आहेत. त्यांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

शालनकाकू आमच्याच पेठेतल्या. उन्हाळा लागला की लोकांच्या वर्षाच्या चटण्या भाजून देतात. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. गिऱ्हाईक आपली मिरची, आपला मसाला घेऊन येतं आणि समोर बसून भाजून घेतं. काकू धने, तीळ, खोबरं, दगडफूल एकेक करून कढईत टाकतात. सगळी गंमत कढई कधी उतरवायची यात. आधी उतरवली तर मसाला कच्चा, उशीर झाला तर कडू. आणि एकदा कडू झाला की त्या घरात वर्षभर शिव्या. ही वेळ काकू नाकानं ओळखायच्या. थंडीत त्यांना ताप आला. ताप गेला, त्याच्याबरोबर वासही गेला.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आधी माझं दार लावून घेतलं.

"मॅडम, कुणाला बोलू नका. घरात बी ठाऊक न्हाय. मला कसलाच वास येईना झालाय."

मी त्यांना आधी ईएनटी डॉक्टरांकडे पाठवलं. आमच्याकडे येणाऱ्यांना हे आवडत नाही, पण माझा तो नियम आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आत गाठ वगैरे काही नाही. तापानंतर असं होतं, वास परत यायला महिने लागतात, कधी पूर्ण येतही नाही. स्मेल ट्रेनिंग करून बघा म्हणाले. म्हणजे ठरावीक चार वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, आणि हुंगताना तो वास कसा होता हे मन लावून आठवायचं. नाकाची तालीमच म्हणा.

नेहमीच्या संचात गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असतात. गुलाबाची बाटली बघून काकू म्हणाल्या, "ह्यो कशाला? हारातल्या गुलाबाला कुठं वास असतोय? आठवू काय?" मुद्दा रास्त होता. मी गुलाबाच्या जागी धन्याचं तेल दिलं. धने म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

हंगाम जवळ आला तसं त्या म्हणायला लागल्या, "येतोय की वास. चांगला येतोय." मी विश्वास ठेवला, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. पण कढईपुढे बसायच्या आदल्या दिवशी मनात शंका आली आणि मी कोऱ्या तेलाची बाटली पुढे केली.

मग मी सरळ सांगून टाकलं. "काकू, यात लवंग नाही. काहीच नाही."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही एवढं मनापासून करताय. रोज काय न्हाय न्हाय म्हणायचं?"

अख्ख्या पेठेला तोंडावर बोलणारी ही बाई माझं मन मोडू नये म्हणून खोटं बोलत होती! मला राग आला आणि भरूनही आलं.

"सुनेला सांगा," मी म्हटलं. "रेश्मा बसेल कढईपुढे."

"आणि मी काय करू? नवरा गेल्यावर ह्या कढईवर पोरगा वाढवला. शालनचं नाक म्हणून लांबनं लोक येत्यात. नाकच न्हाय म्हटल्यावर मला कोण इचारतंय?" मग एकदम पुढे सरकून म्हणाल्या, "तुम्ही या की उद्या. माझी पावणी म्हणून बसा. मसाला भाजला की जरा खोका. मी कढई उतरवतो."

असलं काही कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी नाही म्हणायला हवं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात पत्र्याखाली जाऊन बसले. गिऱ्हाईक म्हणून गारगोटी गावाहून एक वहिनी आल्या होत्या. कढई तापली, काकूंनी मिरच्या टाकल्या, आणि आमच्या बेताची माती झाली. मिरची भाजताना न खोकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वहिनी खोकल्या. शेजारची भिंतीपलीकडून खोकली. मी तोंडाला ओढणी लावून बसले होते, तरी ठसक्यावर ठसका. काकू प्रत्येक खोकल्याला दचकून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवून नाही नाही म्हणायची. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आधी आलं नव्हतं. कोल्हापूरच्या बायका आम्ही, लाज वाटायला हवी!

मिरच्या कशाबशा रंगावर निभावल्या. मग धने पडले. धन्यांचा रंग पटकन कळत नाही, तिथे वासच लागतो. मला पुन्हा ठसका लागला आणि काकूंनी कढईच्या कानाला हात घातला. धने कच्चे होते. मी काही बोलणार तेवढ्यात मागून रेश्मा सासूला म्हणाली,

"आत्या, जरा दम धरू काय?"

काकूंनी हात मागे घेतला. थोड्या वेळानं धन्यांचा खमंग वास अंगणभर सुटला, आणि त्याच वेळी रेश्मानं विचारलं, "उतरवू काय आत्या आता?"

"उतर की. इचारतीस काय?"

मग तीळ, मग खोबरं. प्रत्येक वेळी रेश्माचा प्रश्न नेमका वेळेवर येत होता. ती वास घेत होती आणि निर्णय सासूचा म्हणून विचारत होती. मी खोकणं सोडून तिच्याकडेच बघत बसले.

वहिनी मसाला कांडपाला घेऊन गेल्या. रेश्मानं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "मॅडम, उद्यापास्नं येऊ नका. खोकून घसा बसंल तुमचा. मी हाय न्हवं."

काकू जागच्या जागी थांबल्या. "कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

"शिमग्याच्या आधीपास्नं. दूध करपून घरभर वास सुटला आणि तुम्ही तिथंच बसून लसूण सोलत होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं, मग मी कशाला बोलू?"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मोकळ्यानं रडल्या. रेश्मा शेजारी जाऊन बसली. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्या दिवसापासून ट्रेनिंग खऱ्या अर्थानं सुरू झालं. रेश्मा बाटल्यांना कागद गुंडाळून, क्रम बदलून काकूंच्या नाकाशी धरायची. नाही आला तर काकू नाही म्हणायच्या. पावसाळा संपता संपता लवंग आली, पुसटशी. मग धने आले. कांदा मात्र मध्येच रॉकेलसारखा यायला लागला. वास परतताना असे वाकडेतिकडे येतात, ते चांगलं लक्षण असतं. हे मी समजावलं तर काकू म्हणाल्या, "रॉकेलची भाजी खाऊन बघा, मग सांगा चांगलं का वाईट."

यंदाच्या हंगामात मी माझ्या घरची चटणी भाजायला त्यांच्याकडेच गेले. कढईपुढे रेश्मा, बाजूला पाटावर काकू. धने टाकले. थोड्या वेळानं काकू ओरडल्या, "उतर! करपवतीस काय?"

"अजून कच्चं हाय आत्या."

"मला शिकवतीस? वास बघ की!"

"बघितलाय! तुम्हीच नीट बघा!"

गल्लीला ऐकू जाईल असं भांडण जुंपलं. कढई नेमकी कुणाच्या सांगण्यावरून उतरली ते कळलं नाही. धने मात्र उत्तम भाजले होते. मी चटणीचा डबा भरून घेतला आणि निश्चिंत मनानं घरी आले.

आता वास गेलेलं कुणी आलं की मी आधी ईएनटीकडे पाठवते, आणि दुसऱ्या भेटीला घरातलं एक माणूस बरोबर आणायला सांगते. बहुतेक जण म्हणतात, घरी कुणालाच माहीत नाही. मी म्हणते, तरी आणा.