म्हस, मोबाईल आणि बाहेरचे परीक्षक

बातमीला जागा मोजून मिळते, ज्यांच्यावर छापतो त्यांचा राग मात्र भरपूर मिळतो. त्या रागाच्या भरात जे बघायला मिळतं ते छापायचं राहूनच जातं. पेपरात उभा जन्म घालवला की असे किस्से इतके साचतात, की चहाच्या टपरीवर चारचौघांत रिकामे केल्याशिवाय घरी जाववत नाही!

हे सगळे एकाच दिवसाचे. इथं कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट दुकानातून तयार विकत आणतात, अशी सणसणीत बातमी मी दिली होती. लगेच विभागप्रमुख शिंदे सरांचा फोन. "पावणं, लांबनं दगड मारू नका. परीक्षेला या आणि डोळ्यानं बघा!"

सोडतोय होय? गेलो. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, नियम ठरला : ज्याला आपल्या डब्यातलं सांगता येणार नाही, तो नापास.

* * *

पहिलाच गट. मोबाईलवर बोललं की पंखा चालू. चाललाही! परीक्षकांनी डबा उघडून एका कॅपॅसिटरवर बोट ठेवलं. "हा कशासाठी?"

अनोळखी पाहुण्याकडे बघावं, तसं पोरगं कॅपॅसिटरकडे बघत राहिलं.

"सर, त्यो आधीपासनंच होता!"

नापास. मी शिंदे सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

* * *

दुसऱ्यांचं स्मार्ट हेल्मेट. हेल्मेट नसेल तर मोटारसायकल सुरूच होणार नाही. झकास! पोरानं बटण दाबलं, गाडी सुरू. हेल्मेट आरशाला लटकलेलं!

मी उसळलो. "अरे, डोकं कुठाय ह्यात?"

"हेल्मेट जवळ हाय एवढं गाडीला कळतंय, सर. डोक्यात हाय का न्हाय ते पोलीस बघतील की!"

* * *

शिरोळच्या पोराचा पुराचा अलार्म होता. नदीचं पाणी चढलं की गावातल्या प्रत्येक मोबाईलवर मेसेज. हे त्यानं खरंच स्वतः केलं होतं. तारा बघूनच कळत होतं. पण मी पूर कव्हर केलेला माणूस. विचारलं, "पाणी आलं की लाईट जाते, टॉवर बंद पडतो. मग मेसेज कसा येणार?"

गडी जराही डगमगला नाही.

"मेसेज यायचा बंद झाला, की समजायचं पाणी आलं!"

* * *

इचलकरंजीच्या पोरीनं यंत्रमागाला सेन्सर लावला होता. धागा तुटून माग थांबला, की मालकाच्या मोबाईलवर घंटा. परीक्षक खूश. "घरी लावून बघितलंस?"

"बघितलं की. बाबा दुपारी जेवून मागांशेजारच्या खोलीत झोपतात. माग थांबला, की आवाज कमी झाल्यानं त्यांना जाग येती. घंटा नंतर वाजती."

"मग उपयोग काय?"

"आता घंटेनं आईबी उठती!"

* * *

शेवटी मंगळवार पेठेतली वैष्णवी. घरी दुधाचा धंदा. बंगळुरूची नोकरी हातात आलेली, पण पास झाली तरच. तिनं म्हशीच्या गळ्यात बांधायचा पट्टा केला होता.

कोल्हापूरच्या म्हशी दिवाळीच्या पाडव्याला मालकाच्या सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं पळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. वैष्णवीनं वडिलांच्या गाडीचा तोच आवाज पट्ट्यातल्या स्पीकरमध्ये भरला होता. म्हस चरायला गेली, की घरातून मोबाईलचं बटण दाबायचं. गाडीचा आवाज येणार, म्हस घरी येणार.

परीक्षकांनी डबा उलटसुलट केला. "फिनिशिंग फारच चांगलं आहे. हे दुकानातलं दिसतंय."

"दुकानात म्हशीचं मिळत न्हाय, सर!"

"सिद्ध कर."

तासाभरात तिची राणी नावाची म्हस कॉलेजच्या मैदानात हजर! शिंगं रंगवलेली. वर्गच्या वर्ग ओस पडून सगळं कॉलेज गोळा झालं. वैष्णवीनं बटण दाबलं. फाड फाड फाड!

राणीचे कान ताठ झाले. मालक आला! पण गाडी कुठाय? आवाज तर आपल्याच गळ्यात! उजवीकडं वळली, आवाजही वळला. राणी जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

सगळं मैदान हसून लोळलं. वैष्णवीचा चेहरा उतरला. परीक्षकांनी पेन काढलं.

तशी ती पुढं झाली. आवाज बंद केला, राणीच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि परीक्षकांच्या हातात दिला. "सर, जरा धरा."

आणि बटण दाबलं.

राणीनं मान वर केली. परीक्षक एक पाऊल मागं सरले. राणी एक पाऊल पुढं. मग परीक्षक पळाले! पट्टा टाकून द्यायचंही सुचेना. कँटीनला वळसा, पार्किंगला वळसा, मागं राणी, आणि पोरं पाडव्यासारखी ओरडतायत, "नाद खुळा!"

"बंद कर! अगं, बंद कर ते!"

"आधी सांगा, सर! इकतचं हाय?"

"नाही! तुझंच आहे! तुझंच आहे!"

वैष्णवीनं बटण बंद केलं. राणी थांबली. परीक्षक झेंड्याच्या खांबाला धरून उभे राहिले.

"बसा, सर," वैष्णवी म्हणाली. "अजून व्हायवा राहिलाय की!"