सुहासनं मला नेलं नव्हतं

मी कोल्हापूर सोडलं तो आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधीचा शनिवार होता. त्या दिवशी आपल्या चर्चला चुना लागतो, त्यामुळं मला निरोप द्यायला निम्मी मंडळी पांढऱ्या हातांनीच स्टँडवर आली होती. कपडे खराब होतील म्हणून कुणी मिठी मारेना, सगळे कोपरानं ढोसून निरोप देत होते. मार्थामावशींनी करंज्यांचा डबा आणला होता, त्यावर त्यांची बोटं उमटली होती.

"एवढा नाताळ तर हू द्यायचा की रं," त्या माझ्या मुलाला, सुहासला, म्हणाल्या. "आमच्या मास्तरास्नी वडून न्ह्यायला आलास. आता पेटी काय तुझा बा वाजवनार?"

"त्योच तर चाललाय की मावशी," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळं स्टँड हसलं.

"हस, हस. फुडल्या टायमाला आलास की कान धरते का न्हाय बघ."

सुहास दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डबा पिशवीत बसवण्यात गुंतलो होतो. बस सुटल्यावर तो एवढंच म्हणाला, "पप्पा, खिडकीशी बसा."

शालननं आपल्या चर्चच्या यंदाच्या नाताळ अंकासाठी माझ्याकडं आठवणी मागितल्या आहेत. शालन माझ्याकडंच पेटी शिकली आणि आता गायनमंडळी तीच सांभाळते. तिला परदेशातल्या गमतीजमती हव्या असतील. त्या देतो, पण आधी हे सांगू द्या, की सुहासनं मला नेलं नव्हतं. मीच त्याला फोन करून म्हणालो होतो, मला घेऊन जा. तो उलट म्हणत होता, "पप्पा, नाताळ करून या की, घाई काय आहे?"

घाई होती. त्याच्या आदल्या नाताळची उपासना तुम्हाला आठवत असेल. मी पहिलं गीत नेहमीच्या काळी दोनऐवजी काळी चारमध्ये, म्हणजे बरंच वरच्या पट्टीत, धरलं. बोटं चुकली आणि मला ते कळलंच नाही. फौंड्रीत जन्म गेला, उजवा कान कधीच तिथं ठेवून आलो होतो, डावाही कुरकुरत होता. तुम्ही कुणी मला थांबवलं नाही. मास्तरांनी सूर दिला म्हणजे दिला, म्हणून सगळे त्या उंचीवर चढलात. मी पेटीवरून पाहत होतो, की आज मंडळी काय जोशात आहे, पुरुषांच्या गळ्याच्या शिरा कशा फुगल्यात. पाचही कडवी झाली. बाहेर आल्यावर मार्थामावशी म्हणाल्या, "मास्तर, आज लई वर न्हेलंत की." मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. मोबाईल डाव्या कानाला लावून ऐकला, तेव्हा मला कळलं, की माझी मंडळी गात नव्हती, विव्हळत होती.

पुढच्या वर्षी सराव सुरू व्हायच्या वेळी शालननं हळूच विचारलं, "मास्तर, अवंदा पेटी मी धरू व्हय? तुमी नुसतं समोर बसा." तिनं किती जपून विचारलं होतं. मी म्हणालो, "अजून हाय मी." त्याच संध्याकाळी सुहासला फोन केला. पेटीवरून उठणं मला जमणार नव्हतं, गाव सोडणं जमलं. आणि तुम्हाला सांगितलं, की पोरगं ऐकत नाही, आत्ताच चला म्हणतंय. स्टँडवर सुहास ते सगळं ऐकत होता. त्यानं ते तेव्हाही खोडलं नाही आणि नंतरच्या इतक्या वर्षांतही नाही. दर नाताळला व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्याला आमच्या मास्तरांचा चोर म्हणता आणि तो हसतो. मी शेजारीच असतो. मशिन कानात घातलेलं असतं, सगळं ऐकू येतं.

आता इकडच्या गमती. मेलबर्नला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. आगमनाच्या मेणबत्त्या पेटवायच्या आधीच उकाड्यानं माना टाकतात. आपल्याकडं स्वेटर घालून गाणी म्हणत फिरायचो, इथं पार्कमध्ये सनस्क्रीन फासून म्हणतात. करंज्या होतात, पण खोबरं फ्रीझरमधलं आणि तळण एअरफ्रायरमधलं. दिसायला सुरेख, चावायला पुठ्ठा. सूनबाई विचारते, "कशा झाल्यात?" मी दुसरी उचलतो. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर असतो. शब्द स्क्रीनवर येतात, मला कुणी मास्तर म्हणत नाही, सूर द्यायची जबाबदारी नाही. खोटं कशाला सांगू, मजा येते. असं नुसतं बसून गायला मी तुमच्यातही बसू शकलो असतो, हे मात्र इथं येऊन कळलं.

यंदा सुहास मुलींना घेऊन कोल्हापूरला येतोय. माझे गुडघे एवढा प्रवास करू देत नाहीत. मी त्याला म्हटलं, आता मी खरं लिहून टाकतो, तुझ्या मागचा आळ जाऊ दे. तो चक्क वैतागला.

"पप्पा, कशाला? मी दहावीनंतर पुण्याला गेलो तो गेलोच. कोल्हापुरातली नवी पोरं मला पावणं म्हणतील. ती मार्थामावशी तेवढी गेलो की दारातच शिव्या घालते. ते पण बंद करता का?"

मी इतकी वर्षं समजत होतो, की माझ्यामुळं त्याचं गाव तुटलं. त्यानं माझ्या खोट्याच्या आधारानं ते धरून ठेवलं होतं. कोल्हापूरच्या कडेला उचगावात आमची राहती खोली होती, तीही विकून झाली, तिथं आता कुणाचं तरी मोबाईलचं दुकान आहे. तेव्हा घर कुठं असं विचाराल तर मला सुहासचंच म्हणणं पटतं. आपल्याला हक्कानं चार शब्द सुनावणारं माणूस जिथं दार उघडतं, ते घर.

तरीही मी लिहिलं. अंक आगमनाच्या पहिल्या रविवारी निघेल आणि सुहास त्यानंतरच्या आठवड्यात पोचेल. मार्थामावशी, खरं कळलं म्हणून त्याच्याशी गोड बोलू नका. कान धरा, चांगला पिळा, मग जेवायला वाढा. आणि मुलींना सांगा, की तुमचा बाप साधा आहे, चोर तिकडं मेलबर्नला बसलाय.