जपून ठेवलेला नमुना

हवाई दलाचे अधिकारी टोपी मांडीवर ठेवून तिची कड बोटांनी चाचपत बसले होते. ते बोलायच्या आधीच विमलकाकूंना कळून चुकलं. मी शेजारी, म्हणून सोबतीला त्यांच्या घरी गेलो होतो.

काकूंचा थोरला भाऊ वैमानिक होता. काकू कॉलेजात असताना त्याचं विमान हिमालयात बेपत्ता झालं. यंदा तिथल्या बर्फात विमानाचे तुकडे आणि थोडी हाडं सापडली. ती कोणाची, हे जुळवून बघायला काकूंच्या लाळेचा नमुना नेला होता.

"नमुने जुळले नाहीत, आजी," अधिकारी म्हणाले. "ते त्यांच्या सोबतच्या वैमानिकाचे अवशेष आहेत."

काकू म्हणाल्या, "त्यांच्या घरी कळवलंत?"

"हो. मुलगी आहे त्यांना."

"सुटली बिचारी."

माणूस गेला की आपण रडतो, दिवस करतो, आणि हळूहळू पुन्हा जेवायला-खायला लागतो. पण ज्याचं काहीच हाती येत नाही, त्याच्यासाठी धड रडताही येत नाही. काकूंचे आईवडील तसेच, दाराकडे बघत गेले. आता त्या घरात रक्ताचं असं काकूंशिवाय कोणी उरलेलं नाही.

"पुढं कधी तो सापडला," त्यांनी विचारलं, "आणि मी नसले, तर कोणाशी जुळवून बघाल?"

"तुमचा नमुना आम्ही जपून ठेवलाय, आजी."

काकूंनी मान हलवली.

"ठेवा. म्हणजे त्याची वाट बघायला आमच्यातलं कोणीतरी राहील."